पंचसिला

इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकाचा वैचारिक पाया. १९४५ च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत त्याची पाच तत्त्वे दिली आहेत : एकमेव ईश्वरावर श्रद्धा, न्यायी व सुसंस्कृत मानवता, इंडोनेशियाची एकता, विचारविनिमय व प्रतिनिधित्व यांतून चालणारी लोकशाही आणि सर्व जनतेसाठी सामाजिक न्याय. शब्द संस्कृतातला ‘पंचशील’च आहे. मराठी वाचकाला त्यावरून बुद्धविहारातले पंचशील किंवा १९५४ चा भारत-चीन करार आठवेल. पण बौद्ध आचारनियमांहून ही तत्त्वे वेगळी आहेत आणि त्या करारापेक्षा ती नऊ वर्षांनी जुनी आहेत.

मार्च १९४२ मध्ये जपानने डचांना हटवून द्वीपसमूह ताब्यात घेतला. पराभव दिसू लागल्यावर जपान्यांनी स्वातंत्र्याच्या पूर्वतयारीसाठी जाकार्तात एक समिती नेमली. हजारो बेटे, शेकडो भाषा, बहुसंख्य मुस्लिम, तरी पूर्वेकडे मोठी ख्रिस्ती वस्ती आणि बालीत हिंदू. अशा देशाचा पाया काय असावा, हा समितीपुढचा प्रश्न होता. १ जून १९४५ रोजी स्वातंत्र्यलढ्याचे नेते व पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले सुकार्नो यांनी समितीपुढच्या भाषणातून पाच तत्त्वे मांडली. त्यांच्या यादीत राष्ट्रीयत्व पहिले होते आणि ईश्वर शेवटी. पाच नको असतील तर तीन घ्या, तीनही नको असतील तर एकच घ्या, ‘गोतोंग रोयोंग’, असेही ते म्हणाले. गोतोंग रोयोंग म्हणजे गावाने मिळून एकमेकांचे काम उरकणे. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक जाणणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खरा पेच पुढे आला. २२ जून रोजी नऊ जणांच्या समितीने ‘जाकार्ता सनद’ तयार केली. तिच्यात ईश्वरश्रद्धा पहिल्या स्थानी आली आणि तिला मुस्लिमांनी शरियत पाळण्याच्या बंधनाची जोड मिळाली. मूळ इंडोनेशियन मजकुरात ही जोड सात शब्दांची आहे, म्हणून त्या देशाच्या राजकारणात आजही नुसते ‘सात शब्द’ म्हटले तरी पुरते. १७ ऑगस्टला स्वातंत्र्य घोषित झाले. हे शब्द राहिले तर पूर्वेकडचे ख्रिस्ती प्रदेश नव्या राज्यात येणार नाहीत, असा निरोप सुकार्नोंचे सहकारी मोहम्मद हत्ता यांना मिळाला. १८ ऑगस्टच्या सकाळी त्यांनी मुस्लिम नेत्यांची समजूत काढली, त्यांत मुहम्मदिया या मोठ्या मुस्लिम संघटनेचे कि बागुस हादिकुसुमोही होते. सात शब्द गेले आणि त्यांच्या जागी ‘एकमेव ईश्वर’ आला. बहुसंख्याकांच्या नेत्यांनी देश एकत्र राहावा म्हणून आपली मागणी सोडली, हे पंचसिलाच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान आहे. मात्र प्रश्न मिटला नाही. १९५५ मध्ये निवडलेली घटना समिती पंचसिला की इस्लाम या वादातच अडकली. ५ जुलै १९५९ रोजी सुकार्नोंनी फर्मान काढून ती बरखास्त केली व १९४५ ची घटना पुन्हा लागू केली.

पहिल्या तत्त्वाची किंमत छोट्या धर्मांनी चुकवली. राज्यमान्यतेसाठी एकेश्वरवाद दाखवणे भाग पडले. बालीच्या हिंदूंनी ‘सांग ह्यांग विधि वासा’ हा एकमेव ईश्वर पुढे केला. निर्मात्या ईश्वराची गरज न मानणाऱ्या बौद्ध परंपरेलाही ‘सांग ह्यांग आदि बुद्ध’ असे उत्तर शोधावे लागले. सुंबा बेटावरच्या मारापूसारख्या मूळ श्रद्धा तर मान्य धर्मांच्या यादीबाहेरच राहिल्या. त्यांच्या अनुयायांना ओळखपत्रावर आपली श्रद्धा नोंदवण्याचा हक्क घटना न्यायालयाने दिला तो नोव्हेंबर २०१७ मध्ये.

१९६५ चा उठाव मोडून पुढे सत्तेवर आलेल्या जनरल सुहार्तोंच्या काळात तडजोडीचे हे सूत्र सक्तीचे हत्यार झाले. ३० सप्टेंबर १९६५ च्या रात्री सुरू झालेल्या उठावात सहा जनरल आणि एक लेफ्टनंट मारले गेले. लष्कराने कम्युनिस्ट पक्षावर ठपका ठेवला आणि पुढच्या काही महिन्यांत सामान्यतः मान्य अंदाजानुसार किमान पाच लाख माणसे मारली गेली. लाखो तुरुंगात गेली. ज्या १ ऑक्टोबरला उठाव मोडला, तो ‘पंचसिलाच्या अजेय शक्तीचा दिन’ ठरला आणि जनरलांचे मृतदेह सापडले त्या लुबांग बुआया येथे भव्य स्मारक उभे राहिले. १९७८ पासून सरकारी नोकर व विद्यार्थ्यांना पंचसिलाचे प्रशिक्षणवर्ग सक्तीचे झाले. विरोधकाला ‘पंचसिलाविरोधी’ म्हटले की वाद संपे. मे १९८० मध्ये माजी सेनानी नासुतिओन, माजी पंतप्रधान नात्सिर, जाकार्ताचे माजी गव्हर्नर अली सादिकिन यांच्यासह पन्नास जणांनी अर्ज करून या वापराचा निषेध केला. तरीही १९८५ च्या कायद्यांनी प्रत्येक पक्षाला व संघटनेला पंचसिला हाच ‘एकमेव आधार’ मानायला लावले. नहदलातुल उलमा या दुसऱ्या मोठ्या मुस्लिम संघटनेने तो आदल्या वर्षीच सितुबोंदोच्या अधिवेशनात स्वीकारला होता.

२१ मे १९९८ रोजी सुहार्तो पायउतार झाले व त्याच वर्षी सक्तीचे वर्ग रद्द झाले. पंचसिला मात्र टिकली. २००२ च्या घटनादुरुस्तीत सात शब्द परत आणण्याचा प्रयत्न फसला. त्याला मुहम्मदिया व नहदलातुल उलमा या दोन मोठ्या मुस्लिम संघटनांचाही पाठिंबा नव्हता, आणि पंचसिलाची मुळे नुसत्या सक्तीत नव्हती हे त्यावरून कळते. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांनी २०१६ मध्ये १ जूनला सार्वजनिक सुटी दिली. २०१७ मध्ये पंचसिलाच्याच नावाने हिज्बुत तहरीर ही खिलाफतवादी संघटना सरकारने बरखास्त केली, तेव्हा सुनावणीविना बंदी घालण्याच्या अधिकारावर मानवी हक्क कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला.

आज वर्षात दोन दिवस पाळले जातात : १ जून सुकार्नोंच्या भाषणाचा आणि १ ऑक्टोबर सुहार्तोंच्या विजयाचा. लुबांग बुआयाच्या स्मारकात सात अधिकाऱ्यांचे पुतळे आहेत. त्यानंतर मारल्या गेलेल्या लाखोंची तिथे नोंद नाही. ११ जानेवारी २०२३ रोजी जोको विदोदो यांनी १९६५-६६ च्या हत्यांसह बारा घटनांबद्दल राज्याच्या वतीने खेद व्यक्त केला. त्या हत्यांसाठी कोणावरही खटला चाललेला नाही.