गडग्यावरची निगडी

निगडीसाठी आमच्याकडे कोणी रोपवाटिकेत जात नाही. व्हाळाच्या काठी, गडग्याला लागून ती असतेच. नसली तर शेजाऱ्याकडची फांदी आणून खोचायची. पाल्याला उग्र वास, त्यामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत आणि कुंपणाला ती बरी पडते. पुस्तकात निर्गुडी, बोलण्यात निगडी. एका देठाला तीन किंवा पाच पानं, वरून हिरवीगार, खालून बारीक लवेमुळे पांढुरकी. फुलांचा तुरा निळसर जांभळा.

हिचं नाव मात्र फार लांब गेलं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींच्या ग्रंथात हिची ओळख ‘नेगुंडो’ म्हणून करून दिली. १७५३ साली वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसने तेच नाव उचललं : व्हायटेक्स नेगुंडो. उत्तर अमेरिकेतल्या एका मेपलची पानं हिच्यासारखी दिसतात, म्हणून तो झाला एसर नेगुंडो. तिकडे बर्फात उभं असलेलं झाड आमच्या गडग्यावरच्या झुडपाचं नाव लावतं, याची मला अजून गंमत वाटते.

कूळही बदललं. पूर्वी घाणेरीच्या कुळात गणली जाणारी निगडी आता तुळस-पुदिन्याच्या कुळात आहे. तिच्याबरोबर सागसुद्धा!

बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यात हिचा पाला उकळतात. सर्दीला वाफारा घेतात. गुडघा धरला की पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा आणि शेकायचं. या शेकातलं किती श्रेय पाल्याचं? निम्मं काम नुसती ऊबच करते : रक्तप्रवाह वाढतो, आखडलेले स्नायू सैलावतात. पण पाल्यातही काही आहे. त्यात सुगंधी तेल आणि कॅस्टिसिनसारखी फ्लेव्होनॉइड द्रव्यं असतात, आणि पाल्याच्या अर्काने उंदरांच्या पायाची सूज उतरल्याचं प्रयोगांत दिसलंय. माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. म्हणून शेक खुशाल घ्यावा. काढा मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय पिऊ नये, गरोदरपणी तर नकोच.

वासाचा खरा उपयोग झाडाला स्वतःला : पानं खाणाऱ्या किड्यांना तो नकोसा होतो. भाताच्या कणगीत सुका पाला घालतात तो याच जोरावर. पुढे भात सुपात पाखडताना तो आपसूक उडून जातो, वेगळा निवडावा लागत नाही.