सीएमए आणि सीएचए: इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजणारे दोन विश्लेषक

नमुन्याच्या पृष्ठभागातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजली की तिथे कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं. हे काम करणाऱ्या दोन विश्लेषकांमध्ये नवख्यांचा हमखास गोंधळ होतो: सिलिंड्रिकल मिरर ॲनलायझर म्हणजे सीएमए आणि कॉन्सेंट्रिक हेमिस्फेरिकल ॲनलायझर म्हणजे सीएचए. दोन्हींत धातूच्या दोन पृष्ठभागांमधल्या विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन वळतात आणि ठरावीक ऊर्जेचेच पलीकडच्या फटीतून पार होतात.

सीएमएमध्ये एकात एक बसवलेली दोन नळकांडी असतात. अक्षाशी सुमारे 42.3 अंशांचा कोन करून निघालेले इलेक्ट्रॉन चहूबाजूंनी आत घेतले जातात, त्यामुळे सिग्नल भरपूर मिळतो. इलेक्ट्रॉन गन आतल्या नळकांड्यातच अक्षावर बसते, म्हणून खडबडीत नमुन्यावरही सावलीचा त्रास कमी होतो. ऑजे स्पेक्ट्रोस्कोपीत (इलेक्ट्रॉनच्या झोताने अणूंतून सुटणारे ‘ऑजे’ इलेक्ट्रॉन मोजायच्या तंत्रात) याचं बस्तान बसलं ते यामुळेच.

अडचण विभेदनाची, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची, आहे. साध्या सीएमएची विभेदनक्षमता ऊर्जेच्या ठरावीक टक्क्यांत असते, ती 0.5 टक्के धरू. ॲल्युमिनियमच्या 1486.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या क्ष-किरणांनी सिलिकॉनचं 2p शिखर (त्याच्या अणूतल्या 2p कक्षेतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनचं) पाहायचं आहे. शुद्ध सिलिकॉनचं शिखर 99.3 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या बंधन-ऊर्जेवर येतं, ऑक्साइडचं 103.4 च्या आसपास. म्हणजे अंतर जेमतेम 4. सुटलेल्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा (साधारण क्ष-किरणांची ऊर्जा वजा बंधन-ऊर्जा) मात्र 1380 च्या पुढे, आणि तिचा 0.5 टक्का होतो जवळपास 7. दोन्ही शिखरं एकमेकांत मिसळून जातात.

सीएचए ती वेगळी दाखवतो, पण त्याचं श्रेय त्यातल्या एकात एक बसवलेल्या दोन अर्धगोलांना नाही, आणि गैरसमज होतो तो नेमका इथेच. मध्यम त्रिज्या 150 मिमी, फट 2 मिमी असेल तर अर्धगोलांचं विभेदन पास एनर्जीच्या (अर्धगोलांतून पार होताना इलेक्ट्रॉनची जी ऊर्जा असते तिच्या) साधारण दीडशेव्या भागाइतकं येतं. पूर्ण वेगाचे इलेक्ट्रॉन तसेच आत सोडले तर ते 9 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर जाईल, म्हणजे सीएमएहूनही वाईट! खरी किमया अर्धगोलांच्या आधी बसवलेल्या लेन्सची आहे. ती इलेक्ट्रॉनना 20 इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत मंदावते आणि विभेदन 0.13 वर येतं. शिवाय पास एनर्जी कायम ठेवली की हा आकडा सगळ्या स्पेक्ट्रमभर तोच राहतो. सीएमएपुढे मंदन-जाळ्या लावून 1970 च्या दशकात एक्सपीएस (क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन सोडवून करायची ही मोजणी) केलं जायचं, तेही याच तत्त्वावर. अर्थात पास एनर्जी उतरवली की सिग्नलही घटतो. म्हणूनच आधी मोठ्या पास एनर्जीवर सर्व्हे स्कॅन (सगळ्या ऊर्जांची ढोबळ नोंद) घेतात आणि मग हवं ते शिखर छोट्या पास एनर्जीवर.

सीएमए वापरताना नमुन्याच्या जागेला फार जपावं लागतं. नमुना थोडा पुढेमागे झाला की शिखरच सरकतं. त्यामुळे मोजणीआधी ठाऊक ऊर्जेचा इलेक्ट्रॉन झोत नमुन्यावर टाकतात आणि इलॅस्टिक शिखर (ऊर्जा न गमावता परतलेल्या इलेक्ट्रॉनचं) बरोबर त्या आकड्यावर दिसेपर्यंत नमुना हलवतात.