मासे वर येतात, पण केव्हा?

काचेच्या टाकीतील मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले की ऑक्सिजन कमी पडला असे समजून बहुतेक घरांत एअर पंप वाढवला जातो. हे निदान कित्येकदा चुकते, कारण पाण्यात प्राणवायू नसला काय किंवा क्लोरीन, अमोनिया अथवा नायट्राइटमुळे माशाला तो घेता येईनासा झाला काय, त्याचे वागणे जवळजवळ सारखेच दिसते. नेमके कारण ओळखायचे तर ते वागणे केव्हा सुरू झाले हे पाहणे अधिक उपयोगी पडते. गौरामी आणि फायटर यांचा अपवाद आहे. ते हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे त्यांचे अधूनमधून वर येणे नैसर्गिकच असते.

पाणी बदलल्यावर लगेच मासे सैरावैरा धावू लागले, तर पहिला संशय क्लोरीनवर घ्यावा. नाशिकला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी शुद्ध करून पुरवले जाते आणि नळापर्यंत येताना ते जंतुमुक्त राहावे म्हणून त्यात थोडा क्लोरीन शिल्लक ठेवावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार हे प्रमाण किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर असावे लागते. आपल्याला ते हितकारक आहे. माशाच्या कल्ल्यांना मात्र त्याहून पुष्कळ कमी क्लोरीनही इजा करतो. सकाळी थेट नळाला येणाऱ्या पाण्यात तो गच्चीवरच्या टाकीत साठलेल्या पाण्यापेक्षा सहसा अधिक असतो, आणि पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी आले की शुद्धीकरणात तुरटी व क्लोरीन या दोहोंची मात्रा वाढवावी लागते. दुकानात मिळणारे अँटिक्लोरीन, म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन तत्काळ निष्प्रभ करते.

मासे पहाटे वर येत असतील आणि दिवे लागल्यावर काही वेळाने स्थिरावत असतील, तर प्राणवायूच खरोखर कमी पडलेला असतो, कारण वनस्पती रात्री तो सोडत नाहीत, उलट वापरतात. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणून नाशिकच्या थंडीत निभावलेली गर्दी एप्रिल-मेमध्ये निभावत नाही.

सर्वांत फसवे प्रकरण अमोनियाचे. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून तो सतत तयार होतो, आणि फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या महिन्यातील बहुतेक मृत्यूंचे मूळ येथेच असते. मात्र जुन्या टाकीत घडते ते अधिक चमत्कारिक आहे. जिवाणूंच्या या कामात आम्ल तयार होते, पाण्याचा सामू म्हणजे पीएच हळूहळू घसरतो, आणि आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. सामू 7 असताना 25 अंशांना त्याचा विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, 8 असताना पाच टक्क्यांहून अधिक. महिनोन्महिने दुर्लक्षित टाकीत एके दिवशी उत्साहाने निम्मे पाणी ताजे भरले, आणि त्या पाण्याचा सामू जास्त असला, तर साचलेले अमोनियम काही क्षणांत विषारी अमोनिया होते. मासे पाणी बदलल्यावर मेले म्हणून नळाला दोष दिला जातो; खरे तर घाण आधीपासून टाकीतच होती. अशा टाकीत पाणी थोडे थोडे, काही दिवसांच्या अंतराने बदलावे.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला तरी असाच घोटाळा होतो. क्लोरीनने जिवाणू मरतात, पण अमोनिया वाढायला दोन-चार दिवस जातात आणि तोवर स्पंज धुतल्याचे कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा.