कन्नड समन्स फाडून टाकू नका

"समन्स कन्नडमध्ये आहे, आपल्याला वाचता येत नाही, म्हणजे ते लागूच होत नाही." कर्नाटकातल्या खानापूर, निपाणीकडे मराठी माणसांकडून हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. कृपा करून यावर विसंबू नका.

हायकोर्टाखालच्या कोर्टांची भाषा राज्य सरकार ठरवतं. त्यामुळे कन्नड समन्स पूर्ण कायदेशीर असतं. तारीख चुकवली, तर साध्या वाहतुकीच्या केसमध्येही वॉरंट निघू शकतं.

भाषेचा हक्क आहे, पण तो कोर्टात उभं राहिल्यावर. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 314 सांगतं: हजर आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला कळेल अशा भाषेत भर कोर्टात सांगायची. आरोपही आधी सांगून मगच कबुली विचारायची. आपली माणसं अडकतात ती नेमकी इथे. "तप्पु ओप्पिकोळ्तीरा?" म्हणजे "गुन्हा कबूल आहे का?" न कळता मान डोलावली, की कबुली नोंदवली जाऊ शकते. तेव्हा थांबा, हात जोडून म्हणा, "साहेब, मराठीत सांगा."

वकील परवडत नाही? तालुका कायदा सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.