तागाचा पीळ आणि लहरीचं वळण

विद्युतचुंबकीय लहर पुढे जाताना तिच्यातलं विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेने हेलकावतं, यावरून तिचं ध्रुवण ठरतं. ते हवं तसं वळवण्यासाठी आज ‘मेटामटेरियल’ म्हणजे मुद्दाम घडवलेली सूक्ष्म रचना वापरतात. या विषयाची गोष्ट बहुधा २००० सालाच्या आसपास सुरू केली जाते. माझ्या मते ती कलकत्त्यात, तागापासून सुरू व्हायला हवी.

त्याआधीचं थोडं. साखरेच्या पाण्यातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याची दिशा फिरते, हे फ्रान्समध्ये बियो यांनी १८१५ च्या सुमारास दाखवलं होतं. १८४८ मध्ये पाश्चर यांनी त्याचा संबंध रेणूंच्या डाव्या-उजव्या घडणीशी जोडला. पण रेणू हातात धरून त्याला पीळ देता येत नाही. हर्ट्झ यांनी १८८८ मध्ये समांतर तारांची चौकट अदृश्य विद्युतलहरींसमोर धरली. तारांना समांतर हेलकावणारी लहर अडली, काटकोनातली आरपार गेली. समांतर क्षेत्रामुळे तारेत प्रवाह वाहतो आणि लहर परतवली जाते, म्हणून असं होतं.

प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांच्याकडे याहून बऱ्याच आखूड, मिलिमीटरांत मोजाव्या लागणाऱ्या लहरी होत्या. साखरेच्या रेणूची नक्कल करायची म्हणून त्यांनी तागाचे पिळलेले जुडगे केले, काही उजव्या पिळाचे, काही डाव्या. एका पिळाच्या जुडग्यांतून लहर गेली की ध्रुवणाची दिशा एका बाजूला वळे, दुसऱ्या पिळाच्या जुडग्यांतून विरुद्ध बाजूला. दोन्ही सारख्या संख्येने मिसळले की परिणाम शून्य. १८९८ मध्ये रॉयल सोसायटीत त्यांनी हे मांडलं. ताग दोन्हीकडे तोच, फरक फक्त पिळाचा. पदार्थ कशाचा आहे यापेक्षा त्याची घडण कशी आहे, यावर लहरीचं वागणं ठरू शकतं, ही या साऱ्या शास्त्राची मूळ कल्पना त्या जुडग्यांत पूर्ण उतरली आहे. हे वाचताना मला आजही भरून येतं.

पुढे फिनलंडमधल्या कार्ल लिंडमन यांनी तांब्याच्या तारेची छोटी वेटोळी कापसात गुंडाळून हाच परिणाम मिळवला. त्यांचं काम १९२० मध्ये प्रसिद्ध झालं. १९६७ मध्ये वेसेलागो यांनी ऋण अपवर्तनाचं, म्हणजे लहर पदार्थात शिरताना नेहमीच्या उलट बाजूला वळण्याचं, गणित मांडलं, १९९० च्या दशकात पेंड्री यांनी तारा आणि कड्यांची रचना सुचवली, आणि २००० मध्ये स्मिथ व सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्षात आणली. तेव्हा बहुतेकांचं लक्ष अपवर्तनाकडे होतं, ध्रुवण मागे पडलं.

ते पुन्हा पुढे आलं २००७ मध्ये. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाने धातूच्या पत्र्यावर, मध्ये विद्युतरोधक थर ठेवून, इंग्रजी ‘एच’ आकाराची नक्षी मांडली. परावर्तनात लहरीच्या दोन काटकोनी घटकांपैकी एक दुसऱ्याच्या मागे पडतो. एक पूर्ण हेलकावा ३६० अंशांचा धरला, तर हा फरक १८० अंशांचा झाला आणि येणारी लहर नक्षीच्या अक्षाशी ४५ अंशांत असली, तर तिचं ध्रुवण काटकोनात वळतं. ९० अंशांचा झाला तर ते वर्तुळाकार होतं, म्हणजे क्षेत्राची दिशा गोल फिरत राहते. हे काम स्फटिकांतही होतं, पण तिथे जाडी लागते. इथे एका तरंगलांबीहून कितीतरी पातळ थर पुरतो.

दोन वर्षांनी जर्मनीत कार्ल्सरूहच्या संशोधकांनी काचेवर सोन्याची सूक्ष्म मळसूत्रं उभी केली. ज्यांचं वर्तुळाकार ध्रुवण एका दिशेने फिरतं ते अवरक्त किरण ती अडवत, उलट दिशेने फिरणारे जाऊ देत. लिंडमनची वेटोळीच ही, फक्त हजारो पटींनी लहान.

दृश्य प्रकाशात धातू बरीच ऊर्जा शोषून घेतो. म्हणून पुढे सिलिकॉन आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे चपटे खांब आले. प्रत्येक खांब वेगळ्या कोनात वळवून बसवला की प्रकाशाचं ध्रुवण बिंदूगणिक बदलता येतं. २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी असाच एक पृष्ठभाग वापरून कॅमेरा बनवला. ध्रुवण मोजायला त्यात एकही भाग हलवावा लागत नाही.