कुऱ्हाडीचं पाणी

जुन्या बाजारात ती कुऱ्हाड भंगाराच्या ढिगात पडली होती, मोडक्या टेबलफॅनच्या जाळीखाली. दांडा नव्हता, नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, माती घट्ट बसलेली, आणि गंज इतका की नख लावलं तरी पापुद्रा सुटून यायचा. भंगारवाल्या काकांनी ती काट्यावर टाकली. सव्वा किलो. लोखंडाच्या भावात दिली. खंडेनवमीला तीन आठवडे होते आणि मुळशीत शेत घेतलेल्या मित्राला काय द्यायचं हा माझा प्रश्न सुटला होता. नव्या कुऱ्हाडीची धार बाभळीच्या गाठीवर दुमडते, ही त्याची कायमची तक्रार.

"ही घाण घरात कशाला आणलीस?" आई म्हणाली.

खरं तर गंज म्हणजे वरून बसलेली घाण नव्हेच. ते त्या कुऱ्हाडीचंच लोखंड असतं, फक्त ऑक्सिजन आणि पाण्याशी बांधलं गेलेलं. त्यामुळे गंज काढला की कुऱ्हाड 'होती तशी' होत नाही. खाल्लं गेलं ते गेलंच. यासाठी पाणी फार लागतं असंही नाही. डोळ्यांना न दिसणारा दमटपणाचा थर पुरतो. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून त्या थरात उतरतात, शेजारच्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन उचलतो. पात्यावर अशा असंख्य बारीक बॅटऱ्या चालू असतात. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की हा कारभार वेग घेतो, आणि पुण्यात पावसाळाभर ती त्याच्या बरीच वर असते.

वर आणखी एक खोड. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. जागा पुरेना म्हणून तो फुगतो, तडकतो, आणि फटींतून ओल आत जाते. जुन्या सोसायट्यांच्या बाल्कन्यांचं प्लॅस्टर सळ्यांपाशीच का सुटतं, तेही यावरून कळेल.

गंज उतरवायला मी पूर्वी एकदा बाथरूम धुवायचं ॲसिड वापरलं होतं, विळीवर. विळी तासाभरात लख्ख झाली. मी बाटली आणि विळी ओट्याखालच्या कपाटात ठेवून दिली, आणि आठवड्याभरात त्या कपाटातली पक्कड, बिजागऱ्या, एक किसणी, सगळं तांबूस झालं. हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ हवेतल्या ओलीत विरघळते आणि दिसेल त्या लोखंडावर बसते. शिवाय खड्ड्यांत उरलेलं क्लोराइड नंतरही गंज चालू ठेवतं. किसणीचा विषय घरात अजून निघतो.

म्हणून या वेळी ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड घेतलं, लिटरला 50 ग्रॅम. त्याचे रेणू लोखंडाच्या आयनांना चिमट्यात धरल्यासारखे पकडून पाण्यात ओढून आणतात. काम सावकाश चालतं, म्हणून हाताबाहेर जात नाही. रात्रभर बादलीत ठेवलं, सकाळी तारेच्या ब्रशने घासलं, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच कोरडं केलं. लगेच म्हणजे खरोखर लगेच. उघडं पडलेलं ओलं लोखंड चहा होईपर्यंत पुन्हा पिवळं पडतं.

आणि मग जे दिसलं त्यासाठी हा सगळा खटाटोप. पातं राखाडी झालं होतं, पण धारेपासून दोन बोटं आत एक नागमोडी रेघ होती. रेघेच्या अलीकडे रंग गडद, पलीकडे फिका. आम्लाने दोन्ही भाग सारखे खाल्ले नव्हते. कुठल्याशा लोहाराने पाणी कुठवर पाजलं होतं, ते एवढ्या वर्षांनी उघडं झालं.

पाणी पाजणं म्हणजे काय? पोलाद साधारण 800 अंशांवर लालबुंद झालं की त्यातल्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात सहज सामावतो. सावकाश थंड केलं तर कार्बन बाहेर सरकतो. एकदम पाण्यात बुडवलं तर त्याला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि मांडणी ताणली जाते. या ताणलेल्या रूपाला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्सच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. ते कमालीचं कठीण, पण काचेसारखं ठिसूळ. म्हणून लोहार ते पुन्हा थोडं तापवून नरम करतो. थर्मामीटर लागत नाही, रंग पुरतो: 225 अंशांच्या आसपास वाळल्या गवताचा पिवळा, 280ला जांभळा, 300ला निळा. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असा ऑक्साइडचा पापुद्रा प्रकाशाशी खेळतो, साबणाच्या फुग्यासारखा.

"ग्राइंडरवर धरा, दोन मिनिटांत धार," असं गल्लीतल्या वर्कशॉपवाल्याने सुचवलं. मी नको म्हटलं. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात निळी पडते, म्हणजे त्या जागचं पाणी उतरलं. वरचा निळा पुसता येतो, गेलेला कठीणपणा येत नाही. गंज शंभर वर्षांत जे करू शकला नव्हता ते मी दोन मिनिटांत केलं असतं.

तेव्हा बोहरी आळीतून कुरुंदाचा दगड आणला आणि तीन संध्याकाळी हातानेच घासलं, दोन्ही बाजू मिळून 25 ते 30 अंशांचा कोन ठेवून. गंमत अशी की कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, एका अर्थाने त्या धातूचा गंजच. पण हा गंज फुगून सुटत नाही; घरातल्या पातेल्यावर तो चिलखतासारखा चिकटून राहतो, आणि दगडाच्या रूपात लोखंडाला धार लावतो.

पात्याच्या अंगावरचे खड्डे मात्र घासून सपाट केले नाहीत. त्यांत उरलेल्या गंजावर हिरड्याचा काढा फासला. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर काळं, पाण्यात न विरघळणारं संयुग होतं. लोखंडी कढईत आवळा काळा होतो तो याच कारणाने, आणि हिरडा नि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाईही अशीच. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून गोळा होणारा हिरडा असा कामी आला.

दांडा मुळशीकडच्याच सुताराने करून दिला, धावड्याचा. (कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणत त्यानेच तो तासला.) विदर्भात माहूरझरी-नायकुंडकडच्या महापाषाणी (मोठ्या शिळा रचून दफनं करणाऱ्या लोकांच्या) कुऱ्हाडी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, बिननेढ्याच्या असत, लोखंडी पट्ट्या आडव्या आवळून पातं दांड्याला बसवत. आमच्या कुऱ्हाडीच्या नेढ्यात पाचर ठोकताना त्या लोकांची कुऱ्हाड किती वेळा निखळत असेल, असं मनात आलं. सैल कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवायची आपली जुनी युक्ती दोन दिवसच टिकते: लाकूड फुगतं, नेढ्यात दबून चिरडतं, आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त आक्रसतं. त्यापेक्षा जवसाचं तेल. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, शेंगदाण्याचं होत नाही. मात्र तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. घट्ट होताना उष्णता निघते आणि कोंडली तर फडकं आपोआप पेटू शकतं.

खंडेनवमीला मित्राने ती झेंडूच्या माळेत ठेवली, गंध लावलं, आणि दुपारी बाभळीची गाठ फोडली. धार दुमडली नाही. चौथ्या दिवशी त्याचा फोटो आला: चकचकीत धारेच्या मागे नारिंगी ठिपका, बरोबर बोटाच्या आकाराचा. खाली लिहिलं होतं, "अरे, हे काय झालं?"

"गंध ओलं होतं," मी कळवलं. "शिलाई मशीनचं तेल लाव."