फोर-स्ट्रोक एन्ड्युरो मोटारसायकल

एन्ड्युरो मोटारसायकल : कच्च्या, खडकाळ व चढउताराच्या वाटांवर तासन्‌तास चालवता यावी म्हणून बांधलेली हलकी, उंच आणि लांब धावेच्या सस्पेन्शनची (धक्के शोषणाऱ्या यंत्रणेची) मोटारसायकल. आखून दिलेल्या मातीच्या ट्रॅकवर फेऱ्या मारणारी मोटोक्रॉस मोटारसायकल तिची जवळची नातलग आहे. मात्र एन्ड्युरो स्पर्धेचा मार्ग अधूनमधून सार्वजनिक रस्त्यावरूनही जात असल्याने एन्ड्युरो गाडीला दिवे, स्टँड आणि थोडी मोठी पेट्रोलची टाकी असते. दोहोंचे पुढचे चाक २१ इंची असते, पण मागचे चाक मोटोक्रॉसमध्ये १९ इंची आणि एन्ड्युरोमध्ये १८ इंची असते; त्यामुळे टायरची भिंत उंच राहते आणि दगडावर आपटल्यास रिम वाचते.

या गाड्यांत टू-स्ट्रोक व फोर-स्ट्रोक अशी दोन्ही इंजिने वापरात आहेत. फोर-स्ट्रोक इंजिनात शोषण, संपीडन, ज्वलन आणि निष्कासन या चार क्रिया क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत पूर्ण होतात. निकोलाउस ओटो या जर्मन तंत्रज्ञाने १८७६ साली या चक्रावर चालणारे इंजिन यशस्वी करून दाखवले. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीत शक्ती देते, वजनाला हलके असते आणि एकदम उसळते; फोर-स्ट्रोकची ओढ मात्र कमी फेऱ्यांपासून संथपणे वाढत जाते, या इंजिनासाठी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही आणि उतारावर थ्रॉटल सोडताच इंजिनच गाडीला आवरते. घाटवाटांच्या मुलखात हा शेवटचा गुण फार मोलाचा ठरतो.

या प्रकारातील सर्वांत जुनी मोठी स्पर्धा १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सहा दिवसांच्या चाचणीच्या रूपाने सुरू झाली आणि १९८१ पासून ती ‘इंटरनॅशनल सिक्स डेज एन्ड्युरो’ या नावाने भरते. गाडीच्या वेगाइतकीच तिच्या टिकाऊपणाची पारख करणे हा तिचा हेतू होता आणि तो आजही कायम आहे. १९७० च्या दशकात हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांचा जोर असताना यामाहाच्या एक्सटी ५०० या एकाच सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाडीवर सिरिल नव्हू यांनी १९७९ ची पहिली पॅरिस–डाकार रॅली जिंकली. पुढे १९९८ मध्ये यामाहाच्या वायझेड ४०० एफ या मोटोक्रॉस गाडीने आणि तिच्यावरूनच घडवलेल्या डब्ल्यूआर ४०० एफ या एन्ड्युरो गाडीने फोर-स्ट्रोकला स्पर्धेत मानाचे स्थान मिळवून दिले.

भारतात रस्त्यावर चालणाऱ्या परवडणाऱ्या गाडीच्या रूपात हा प्रकार उशिरा आला. हीरोची १५० सीसी गटातली इम्पल्स २०११ मध्ये बाजारात आली. चांगली असूनही ती फार काळ टिकली नाही. २०१९ च्या एक्सपल्स २०० ने मात्र २१ व १८ इंची चाके आणि साधे, कुठल्याही मिस्त्रीला उलगडणारे इंजिन देऊन हा छंद सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आणला. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये कावासाकी केएलएक्स २३० आणि २०२५ मध्ये केटीएम ३९० एन्ड्युरो आर या गाड्या आल्या.

नाशिक जिल्हा या गाडीची खरी परीक्षा घेतो, कारण इथे दोन-तीन तासांच्या अंतरात जमीन पूर्ण बदलते. पश्चिमेकडे त्र्यंबकेश्वर, हरसूल, पेठ, सुरगाणा आणि इगतपुरी या पट्ट्यात धो धो पाऊस, तांबूस माती, मुरूम आणि उघडा कातळ आहे. पूर्वेकडे निफाडच्या बाजूला खोल काळी माती आहे, तर सिन्नर, चांदवड, मनमाडकडे माळरान आणि सुटे दगड आहेत. मुरमावर टायरची पकड चांगली मिळते. पावसात शेवाळलेल्या कातळावर मात्र ब्रेक दाबला की चाक निसटते, म्हणून तिथे पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर एक-दोन बोटे ठेवून, थ्रॉटल न हलवता सरळ जाणे इष्ट. काळ्या मातीची गोष्ट आणखी वेगळी आहे. पहिल्या पावसानंतर ती टायरच्या गुटक्यांत लिंपत जाते, मडगार्डखाली तिचे थर चढतात आणि रस्त्यावरच्या साध्या मोटारसायकलीचे पुढचे चाक अक्षरशः जाम होते. एन्ड्युरोचे पुढचे मडगार्ड चाकापासून बरेच उंच बसवलेले असते, त्याचा इथे उपयोग होतो. तरीही ओल्या काळ्या रानातून जाणे टाळलेलेच बरे. गाडीचे हाल होतात आणि शेतकऱ्याच्या पाणंदीत चाकोऱ्या पडतात, त्या वेगळ्याच.

खडबडीत वाटेवर चालक फूटरेस्टवर उभा राहतो, गुडघ्यांनी टाकी धरतो आणि हात सैल ठेवतो. सीटची उंची साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असल्याने बुटक्या चालकाला सुरुवातीस धास्ती वाटते. चढावर गाडी थांबवताना पाय कोणत्या बाजूला टेकायचा हे आधीच हेरून ठेवले की ही धास्ती सरते. टायरमधली हवा कच्च्या वाटेवर कमी करतात आणि डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी पुन्हा भरतात, म्हणून पंप व हवा मोजायचा गेज सोबत असावाच लागतो.

ओढे ओलांडताना फोर-स्ट्रोक मालकाला एक धोका नीट कळलेला असावा. एअर फिल्टरच्या पेटीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते हवेसारखे दाबले जात नाही. अशा वेळी स्टार्टर मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडले की गाडी ढकलत बाहेर काढावी, फिल्टरची पेटी रिकामी करावी, स्पार्क प्लग काढून व इग्निशन बंद ठेवून इंजिन फिरवावे आणि पाणी उडून गेल्यावरच प्लग बसवावा. ऑइल दुधाळ दिसल्यास ते तातडीने बदलावे.

देखभालीतच या गाडीच्या मालकीचे सारे सार आहे. रस्त्यावरच्या गाडीचे ऑइल काही हजार किलोमीटरनंतर बदलतात, तर स्पर्धेच्या एन्ड्युरोत ऑइल थोडे आणि इंजिनवर ताण जबर असल्याने हिशेब तासांचा असतो. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांवरची धूळ इतकी बारीक असते की एका फेरीतच फोमचा फिल्टर लालसर होतो. तो रॉकेलमध्ये व नंतर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळून बसवतात. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फट थंड इंजिनावरच फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजतात. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत गेला की ही फट कमी होत जाते आणि सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करू लागते. हे लक्षण बॅटरीवर ढकलून सोडून देण्याची चूक सर्रास होते. स्पोक आणि चेनचा ताण मात्र प्रत्येक फेरीनंतर हाताने तपासता येतो.

कायद्याच्या दृष्टीने रस्त्यासाठी मान्यता मिळालेल्या गाडीचीच नोंदणी होते. निव्वळ स्पर्धेसाठी आयात केलेली गाडी पिकअपमध्ये घालून न्यावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ बांधणीत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाहीत, त्यामुळे आवाजी सायलेन्सर बसवणे हे आदिवासी पाड्यांना त्रासदायक आणि शिवाय बेकायदेशीरही आहे. वनजमिनीत वनविभागाच्या परवानगीवाचून गाडी नेता येत नाही. अंजनेरी व बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका ही अत्यंत दुर्मिळ कंदीलपुष्पाची जात वाढते आणि पावसाळ्यात तिथली माती एका चाकोरीनेही धुपते.

जुनी गाडी घेताना किलोमीटरच्या आकड्यावर फारसे विसंबू नये. फोर्कच्या सीलमधून तेल झिरपते का, मागचे चाक हाताने हलवल्यावर बेअरिंग खेळते का, स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वळले आहेत का, बॅश प्लेटच्या (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याच्या) आड इंजिनच्या खोक्याला वेल्डिंग केलेले आहे का हे पाहावे, आणि गाडी पूर्ण थंड असतानाच सुरू करून दाखवण्याचा आग्रह धरावा.